जुन्या फोनमधली खरखर आणि कोळशाचे कण



घरात डायलचा जुना फोन पडून असेल तर भंगारात देऊ नका. "ध्वनीचे विजेत रूपांतर होते" हे वाक्य मुलं धडाधड पाठ म्हणतात. पण होतं म्हणजे नेमकं काय, ते या फोनमध्ये हातात धरून दाखवता येतं.

आधी फोन लाइनपासून सोडवा, कारण घंटी वाजताना तारेत ७५ व्होल्टच्या आसपास वीज असते. मग रिसीव्हरचं बोलायच्या बाजूचं झाकण आटे फिरवून काढा. बहुतेक फोनमध्ये एक गोल चपटी डबी सुटी निघते. हाच कार्बन मायक्रोफोन. कानाशी धरून हलवा, आत बारीक वाळूसारखी सळसळ ऐकू येईल. ते कोळशाचे कण! असे सुटे कण वापरण्याची कल्पना इंग्लंडमधल्या हेन्री हनिंग्ज नावाच्या धर्मगुरूंची, १८७८ सालची.

आता महत्त्वाचं. ही डबी वीज तयार करत नाही. वीज येते एक्सचेंजच्या बॅटरीतून, साधारण ४८ व्होल्टची. डबी फक्त नळाच्या तोटीचं काम करते. आपण बोललो की पातळ पडदा थरथरतो, कण दाबले जातात, एकमेकांना जास्त चिकटतात, रोध कमी होतो आणि प्रवाह वाढतो. दाब सुटला की उलट. म्हणजे प्रवाह आपल्या आवाजाच्या तालावर कमीजास्त होतो, एवढंच.

हे कळलं की खरखर का येते ते सांगावं लागत नाही. फोन वर्षानुवर्षं एकाच स्थितीत राहिला की कण घट्ट बसतात. त्यात आपल्या तोंडची वाफ आणि पावसाळ्याची दमट हवा. मग आवाज दबका येतो, नाहीतर तडतडतो. पण लगेच डबीला दोष देऊ नका! लाइन चालू असेल तर आधी रिसीव्हरची वायर वाकवून बघा. तेव्हाच खरखर बदलली तर दोष वायरीचा. डबी ज्या पितळी पट्ट्यांवर टेकते त्यांवर हिरवट थर असेल तर तो खोडरबरने घासा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असं मला वाटतं.

तरीही खरखर राहिली तर डबी तळहातावर कडेने हलकेच आपटा, थोडी फिरवा, पुन्हा आपटा. कण सुटे होतात. ओल असेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत चार-पाच दिवस ठेवा. गॅसवर तापवू नका, आणि डबी फोडू तर मुळीच नका. मल्टीमीटर असेल तर मुलांना रोध मोजायला द्या. डबी हलवली की आकडा नाचतो, वर्गात सगळे वाकून बघतात.

थोडी सळसळ मात्र या मायक्रोफोनच्या स्वभावातच आहे. कण कायमचे भाजले असतील तर आपटूनही फरक पडत नाही. त्या जागी आत छोटा अ‍ॅम्प्लिफायर असलेली नवी डबी बसवता येते, आवाज स्वच्छ होतो. फोन वापरायचा असेल तर ती बसवा. शिकवायला मात्र जुनी खरखरणारी डबीच बरी.