मन तोलायचे कसे?

गोंदिया हे हावडा-मुंबई लोहमार्गावरचे मोठे जंक्शन. याच जिल्ह्यातील देवरीवरून रायपूर-नागपूर राष्ट्रीय महामार्ग जातो. ओडिशाच्या डोंगराळ भागातून पश्चिमेकडे जाणारा चोरटा गांजा या दोन्ही वाटांनी नेला जातो. त्यामुळे गाडीत आसनाखाली सापडलेल्या पिशव्यांच्या बातम्या इकडच्या वाचकांना नवीन नाहीत.

समजा, अशीच एक पिशवी सापडली आणि तिच्यावर हात ठेवून बसलेला वीस-बावीस वर्षांचा तरुण पकडला गेला. पिशवीत २२ किलो गांजा निघाला. तरुण म्हणतो, "एका काकांनी दिली. नागपूरला माणूस येईल म्हणाले." चौकशीत कळते, की तो चौथीपुढे शिकला नाही आणि त्याला सुटे पैसे नीट मोजता येत नाहीत. गांजाचे वजन काट्यावर झाले. या तरुणाच्या मनात काय होते, ते कोणत्या काट्यावर पाहायचे?

हा प्रश्न जुना आहे. इ. स. १८४३ मध्ये लंडनमध्ये डॅनिअल मॅक्नॉटन या माणसाने पंतप्रधानांच्या चिटणिसावर गोळी झाडली. सत्ताधारी पक्ष आपला छळ करतो आहे, या भ्रमाने त्याला पछाडले होते. तो निर्दोष सुटला तेव्हा देशभर गदारोळ झाला आणि न्यायाधीशांना नियम स्पष्ट करावे लागले. त्याच विचाराचे कलम १८६० च्या भारतीय दंड संहितेत ८४ व्या क्रमांकाने आले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचे कलम २२ आहे. मनाच्या विकलतेमुळे, कृत्य करतेवेळी, आपण काय करतो आहोत किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे ज्याला कळूच शकत नाही, त्याचे कृत्य अपराध ठरत नाही. अमली पदार्थांचा कायदा वेगळा असला, तरी हा अपवाद त्या खटल्यांनाही लागू आहे. मात्र आपणहून केलेली नशा ही सबब चालत नाही.

'कृत्य करतेवेळी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. डॉक्टर आरोपीला तपासतात ते काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी. मग त्या दिवशीचे मन कसे कळावे? महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाचा खटला यावर चांगला प्रकाश टाकतो. १९९४ मध्ये त्याने पत्नीला ठार मारले. सत्र न्यायालयाने व उच्च न्यायालयाने त्याला दोषी ठरवले, पण २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडले. न्यायालयाने आगेमागेचा पुरावा जुळवून पाहिला. वडिलांनाही मनोविकार होता. शिपायावर घटनेच्या आधीपासून छिन्नमनस्कतेचे उपचार चालू होते. घटनेनंतर काही महिन्यांतच त्याला २५ वेळा रुग्णालयात न्यावे लागले. आणि दिवसाढवळ्या खून करूनही त्याने लपण्याचा किंवा पळण्याचा प्रयत्न केला नव्हता.

गांजाच्या वाहतुकीत नेमकी हीच कसोटी उलटी बसते. माल लपवलेला असतो, तिकीट काढलेले असते. यावरून 'त्याला सगळे कळत होते' असे म्हणणे सोपे जाते. परंतु तिकीट काढता येणे आणि आपण कशात अडकतो आहोत हे उमजणे, या दोन गोष्टी एक नव्हेत!

शिवाय १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे ३५ वे कलम आहे. माल आरोपीच्या ताब्यात होता हे फिर्यादी पक्षाने दाखवले, की तो जाणूनबुजून बाळगला होता असे न्यायालय गृहीत धरते. 'मला ठाऊक नव्हते' हे आरोपीने वाजवी संशयापलीकडे सिद्ध करायचे. याउलट मनोविकलतेचा बचाव केवळ अधिक संभवनीय आहे एवढे दाखवले तरी पुरते. एकाच मनाला दोन काटे, हे मला तरी विचित्र वाटते.

आपला तरुण वेडा नाही. त्याची समज कमी आहे. बुद्ध्यंकाच्या चाचण्यांत सरासरी १०० धरतात व प्रमाण विचलन १५. शंभरात साधारण दोन माणसे ७० च्या खाली येतात. बिने यांच्या चाचणीचे मराठी व कन्नड मुलांसाठी रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी केले होते. पण कोणत्याही चाचणीत चारपाच गुणांची चूक संभवते. ६९ आणि ७२ यांत रेघ ओढणे हे शास्त्र नव्हे. सिंगापूरमध्ये मलेशियाचा एक तरुण ४२.७२ ग्रॅम हेरॉइन नेताना २००९ मध्ये पकडला गेला. त्याचा बुद्ध्यंक ६९ आढळला होता. मानसिक जबाबदारी बरीच कमी झालेल्या हमालाला फाशीऐवजी जन्मठेप देण्याची तरतूद तेथे २०१३ पासून आहे. तरीही त्याला आपण काय करतो ते कळत होते, असे न्यायालयाने ठरवले आणि २७ एप्रिल २०२२ रोजी त्याला फाशी झाली.

आपल्याकडे 'निम्मी जबाबदारी' असा वेगळा बचाव नाही. कमी समज विचारात येते ती शिक्षा ठरवताना, आणि तिथे काटा पुन्हा गांजाचाच! एक किलोहून जास्त पण वीस किलोंपर्यंत गांजा असेल, तर कमाल शिक्षा दहा वर्षे असून किमान ठरलेली नाही. न्यायाधीश मनाचा पूर्ण विचार करू शकतात. वीस किलोंच्या वर किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड. पिशवीत १९ किलो असते, तर तरुणाची समज मोजली गेली असती. २२ किलो आहेत, म्हणून दहा वर्षांच्या खाली उतरता येत नाही. (गांजा म्हणजे कायद्याने फुलोऱ्याचे शेंडे, सुटी पाने व बिया त्यात येत नाहीत. म्हणून नेमके काय तोलले, यावरही वाद होतात.)

मग त्याच्या वकिलाने काय शोधावे? नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातील तज्ज्ञ त्याची आजची समज सांगतील. परंतु बौद्धिक अक्षमता लहानपणापासूनच दिसावी लागते. अटकेनंतर सुचलेली सबब आणि खरी अक्षमता यांतला फरक तेथेच कळतो. म्हणून ते मुलाची जुनी कागदपत्रे मागतात. खेड्यातल्या गरीब घरात अशी कागदपत्रे नसतात. बहुधा एकच असते: शाळेचे प्रगतिपुस्तक, आणि त्यात चौथीच्या गुरुजींनी लिहिलेला शेरा.