उधारीची नोंद कोण लिहितो, कोण वाचतो?

कापड बाजारात नवे गिऱ्हाईक उधार माल मागू लागले की व्यापारी प्रथम दलालाला विचारतो, ‘पार्टी कशी आहे?’ दलालाच्या शब्दावर माल सुटतो किंवा अडतो. ज्याच्याविषयी हे बोलणे झाले, त्याला मात्र त्याचा पत्ताही नसतो. बँकांसाठी हेच काम आता पत-माहिती कंपन्या करतात. तुमचे कर्ज, हप्ते, क्रेडिट कार्ड, इतकेच काय, दुसऱ्यासाठी दिलेली जामीनकीसुद्धा तेथे लिहिली जाते.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, हा सूरह बकरामधील 282 व्या आयतीचा हुकूम आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्याच आयतीतील दुसरी गोष्ट आपण घाईत ओलांडून जातो. लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे आणि मजकूर सांगावा तो ज्याच्या अंगावर कर्ज आहे त्याने. या कसोटीवर काही देशांचे कायदे पाहण्यासारखे आहेत.

अमेरिकेत 1899 साली अटलांटा शहरात रिटेल क्रेडिट कंपनी निघाली. आजची एक्विफॅक्स ती हीच. तिची माणसे शेजारीपाजारी चौकशी करून लोकांच्या संसाराची, चालचलणुकीचीही टिपणे ठेवीत. आपल्या भाषेत ही सरळ गीबत झाली! फार बोभाटा झाल्यावर 1970 मध्ये कायदा आला. थकबाकीची नोंद साधारणपणे 7 वर्षांनी आणि दिवाळखोरीची फार तर 10 वर्षांनी अहवालातून गाळावी लागते. हरकत घेतल्यास साधारण 30 दिवसांत तपास करावा लागतो. अहवाल पाहून कर्ज नाकारले, तर तो कोणत्या कंपनीचा होता हेही सांगावे लागते.

फ्रान्सची रीत अगदी निराळी. तेथे सर्वांची खाती जमवणारी खासगी कंपनी नाही. 1989 च्या कायद्याने मध्यवर्ती बँकेकडे एक यादी ठेवली, तीत फक्त हप्ते थकवणाऱ्या व्यक्तींची नावे जातात. पैसे पुरते फेडले की नाव निघते, एरवीही 5 वर्षांनी जाते. कर्जात पुरते बुडालेल्यांसाठी मुदत 7 वर्षांपर्यंत आहे. माणूस म्हणून मला ही पद्धत आवडते. व्यापारी म्हणून वाटते की वर्षानुवर्षे वेळेवर पैसे देणाऱ्याजवळ दाखवायला काहीच उरत नाही.

जर्मनीतील शूफा 1927 साली बर्लिनमध्ये हप्त्यावर विजेची उपकरणे विकण्यातून जन्मली. 7 डिसेंबर 2023 रोजी युरोपीय न्यायालयाने ठरवले की, सावकार शूफाच्या गुणांवरच मुख्यतः विसंबत असेल, तर ते गुण देणे हाच यंत्राने केलेला निर्णय मानावा. आणि असा निर्णय काही अपवाद सोडून युरोपच्या कायद्याला मान्य नाही.

आपल्याकडे सिबिल 2000 साली स्थापन झाली, कायदा 2005 चा. आज सिबिल, एक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. 2017 पासूनचा हा हक्क आपले कारागीर फारसा वापरत नाहीत.

माझ्या ओळखीच्या एका लूमवाल्याने मंदीत बँकेशी तडजोड करून ठरलेली रक्कम भरली आणि हिशेब संपला असे मानले. चार वर्षांनी नव्या लूमसाठीचे कर्ज अडले. अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा होता, म्हणजे पूर्ण रकमेहून कमी घेऊन खाते मिटवले. बँकेने खोटे काही लिहिले नव्हते, पण असे लिहिले जाईल हे त्याला कोणी सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही. तडजोडीच्या कागदावर सही करण्यापूर्वीच शेरा कोणता पडेल ते लेखी विचारावे. ऐपत आल्यावर राहिलेली बाकी भरून बेबाकी दाखला घ्यावा आणि शेरा बदलण्यासाठी बँकेकडे अर्ज करावा.

नोंद खरोखरच चुकीची असेल, म्हणजे फेडलेले कर्ज थकीत दिसत असेल किंवा नामसाम्याने दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर पडले असेल, तर बँकेकडे किंवा त्या कंपनीकडे तक्रार करावी. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दररोज 100 रुपये भरपाई मिळते. एप्रिल 2024 पासून तसा रिझर्व्ह बँकेचा नियम लागू झाला आहे. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला फी नाही. तक्रारीची तारीख घातलेली पोच मात्र जपून ठेवावी, कारण ते 30 दिवस तेथूनच मोजले जातात.