संगणकीय साधनांची स्पष्ट नोंद : सातबाऱ्यावरून एक धडा

सातबाऱ्याचा उतारा आज संगणकाच्या पडद्यावर पाहता येतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे राज्यातील शेतकरी आपल्या पिकाची नोंद मोबाईलवरून स्वतः करू लागले. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराचे ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले. शेतकऱ्याने बोलीभाषेत प्रश्न विचारावा आणि यंत्राने निरनिराळ्या सेवांतून उत्तर शोधून आणावे, ही कल्पना आता दूरची राहिलेली नाही. या कामी यंत्राइतकेच महत्त्व यंत्रासाठी लिहिलेल्या टिपणाला आहे.

एजंट आणि साधन

असे काम करणाऱ्या संगणकीय प्रणालीस एजंट म्हणतात. हवामान पाहणे, उतारा काढणे, अर्ज दाखल करणे ही त्याची साधने होत. साधनाची आतील रचना एजंटला सहसा दिसत नाही. त्याच्यापुढे असते ते साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि कोणती माहिती द्यावयाची याची यादी. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने जाहीर केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या खुल्या पद्धतीतही साधनाची ओळख मुख्यतः याच तीन गोष्टींनी करून दिली जाते. कार्यालयातील जुना लेखनिक अपुरा अर्ज पाहून दोन प्रश्न विचारतो आणि उणीव भरून काढतो. एजंट मात्र पुष्कळदा तर्काने उणीव भरतो आणि पुढे जातो. म्हणून लेखनिकाच्या अनुभवात जे आहे ते टिपणात उतरले पाहिजे.

एका टिंबाचा प्रश्न

कापूस व सोयाबीन पिकविणाऱ्या वरोरा तालुक्यातील शेतकऱ्याचे उदाहरण घेऊ. त्याच्या उताऱ्यावर क्षेत्र १.०५.०० असे आहे. याचा अर्थ १ हेक्टर ५ आर. एखाद्या साधनाच्या टिपणात केवळ ‘क्षेत्र द्यावे’ एवढेच लिहिले असेल, तर एजंट १.५ असा आकडा देऊ शकेल. दशांश पद्धतीने त्याचा अर्थ १ हेक्टर ५० आर होतो. फरक ४५ आरचा, म्हणजे एक एकराहून अधिक. शेतकरी स्वतः एकरातच बोलत असेल, तर घोटाळा आणखी वाढेल. नुकसानभरपाईच्या अर्जात अशी चूक झाली, तर तिचा भार शेतकऱ्यावर पडतो. ‘क्षेत्र हेक्टरमध्ये, दशांश दोन स्थळांपर्यंत, १ हेक्टर ५ आर असल्यास १.०५ लिहावे, एकरातील आकडा देऊ नये’ एवढ्या ओळींनी हा अनर्थ टळतो. नियमाबरोबर एक उदाहरण असणे अगत्याचे आहे.

वर्ष कोणते, जिल्हा कोणता

‘वर्ष’ या शब्दाचीही तीच गत आहे. महसुली वर्ष १ ऑगस्टला, आर्थिक वर्ष १ एप्रिलला आणि कॅलेंडर वर्ष १ जानेवारीला सुरू होते. साधनास यांपैकी कोणते अभिप्रेत आहे, हे लिहिलेच पाहिजे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्यामुळे १९८१ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्हा शोधणाऱ्यास काहीच सापडणार नाही, आणि त्या वेळच्या चंद्रपूरची आजच्या चंद्रपूरशी थेट तुलना केल्यास निष्कर्ष चुकतील. बुद्रुक व खुर्द अशा जोडगावांच्या बाबतीत नावाऐवजी गावाचा सांकेतांक मागणे श्रेयस्कर.

‘नोंद नाही’ आणि ‘उत्तर नाही’

साधनाने दिलेल्या उत्तराचा अर्थही टिपणात असावा. रिकामे उत्तर आले तर पिकाची नोंदच झालेली नाही, गट क्रमांक चुकला की यंत्रणा बंद होती? हे तीन प्रसंग तीन निरनिराळ्या शब्दांत सांगितले नाहीत, तर यंत्रणा बंद असताना ‘आपली पीक नोंद नाही’ असे शेतकऱ्यास सांगितले जाईल. प्रत्येक दोषाबरोबर पुढे काय करावे हेही लिहावे : गट क्रमांक तपासावा, काही वेळाने पुन्हा पाहावे, इत्यादी.

तसेच माहिती पाहण्याचे साधन व नोंद बदलण्याचे साधन वेगवेगळे ठेवून त्यांना तशी नावे द्यावीत. दाखल झालेला अर्ज मागे घेता येतो काय आणि तोच अर्ज दोनदा पाठविल्यास काय होते, हे स्पष्ट करावे. नोंद बदलण्यापूर्वी शेतकऱ्याची संमती घ्यावी, अशी सूचना टिपणात तर असावीच. परंतु केवळ सूचनेवर विसंबून न राहता साधनातही तशी तजवीज असावी.

पडताळणीची सोपी रीत

टिपण पुरेसे आहे किंवा नाही हे ठरविण्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. त्या प्रणालीशी अपरिचित अशा व्यक्तीस, उदाहरणार्थ एखाद्या शिक्षकास, केवळ ते टिपण द्यावे आणि पाच खरेखुरे प्रश्न सोडविण्यास सांगावे. तो जेथे अडेल किंवा अंदाज करील, तेथे एजंटही चुकण्याचा संभव आहे. त्यानंतर तेच प्रश्न एजंटला घालावेत आणि चुकांवरून टिपण सुधारावे. नियम बदलला की त्याच दिवशी टिपणही बदलावे.

हे काम केवळ संगणक तज्ज्ञांचे नव्हे. आर आणि एकर, खरीप आणि महसुली वर्ष, बुद्रुक आणि खुर्द यांतील भेद गावात काम करणाऱ्यांनाच नेमका ठाऊक असतो. टिपण लिहिताना ग्रामपंचायत सदस्य व महसूल कर्मचारी यांना जवळ बसविले, तर उताऱ्यावरील पाच आर यंत्राच्या हातीही पाचच राहतील.