सरवा म्हणजे भीक नव्हे
(मंडळीतील अभ्यासवर्गासाठी पाठ)

शास्त्रभाग : लेवीय १९:९-१०, ३३-३४, अनुवाद २४:१४-२२, रूथ अध्याय २, प्रे. कृत्ये ६:१-६.

पाठाचा हेतू : साथीच्या काळात परगावच्या कुटुंबांना मदत करणे आणि त्यांचा हक्क त्यांच्या हाती पडेल असे पाहणे, ही दोन्ही मंडळीचीच कामे आहेत हे देवाच्या वचनातून समजून घेणे.

प्रस्तावना

बडोद्यातील सयाजीगंज म्हणजे रेल्वे स्टेशन आणि एस. टी. स्टँडचा परिसर. मध्यरात्रीही येथे माणसांची वर्दळ असते. २०२० साली २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि हा भाग असा शांत झाला की कबुतरांच्या पंखांचा आवाज ऐकू यावा. गाड्या तर त्याआधीच थांबल्या होत्या.

आमच्या लहानशा मराठी मंडळीने शिधा वाटण्याचे ठरविले. पीठ, तांदूळ, डाळ, तेल, मीठ व साबण अशी पिशवी बांधली. जवळच एका अर्धवट इमारतीत नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव बाजूची आठ कुटुंबे राहत होती. पिशव्या देऊन मी प्रार्थना केली आणि निघालो. तेव्हा एक बाई पुढे येऊन म्हणाली, "दादा, पीठ दिलंत, देव तुमचं भलं करो. पण आमची सतरा दिवसांची मजुरी ठेकेदाराकडे राहिली आहे. ती कोण मागणार?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. "देव मार्ग काढील" असे म्हणून मी घरी आलो. ते वाक्य खोटे नव्हते; पण त्या वेळी मी ते स्वतःची सुटका करून घेण्यासाठी वापरले. त्या रात्री अनुवादाचा चोविसावा अध्याय उघडला आणि लाज वाटली. तोच अभ्यास येथे आपल्यापुढे ठेवीत आहे.

१. देवाने उपऱ्याचा वाटा ठरवून दिला आहे

लेवीयाच्या १९ व्या अध्यायात शेतकऱ्याला आज्ञा आहे की, कापणी करताना शेताचे कानेकोपरे पूर्ण कापू नयेत, पडलेला सरवा वेचू नये. ते गरीब व उपरी यांच्यासाठी सोडावे. अनुवादात याच्याही पुढे जाऊन सांगितले आहे की, शेतात विसरलेली पेंढी आणण्यास मागे फिरू नये.

येथे नीट लक्ष द्यावे. शेतकऱ्याने पीक घरी न्यावे आणि मग दयेने मूठभर दारी वाटावे, असे देव सांगत नाही. कोपरा मुळातच त्याचा नव्हे. म्हणून सरवा वेचणारा कोणाच्या मेहरबानीवर जगत नाही. देवाने त्याच्या नावे राखलेले तो घेतो. तो घाम गाळून वेचतो आणि मान वर करून घरी जातो. इस्राएल लोक मिसर देशात स्वतः दास होते, याची आठवण देऊन देव ही आज्ञा देतो. ज्याने परक्या गावाची भाकरी खाल्ली आहे त्याने परक्याला विसरू नये. बडोद्यातल्या आम्हा मराठी माणसांचे पूर्वजही कोणी नोकरीसाठी, कोणी शिक्षणासाठी या गावी उपरी म्हणूनच आले होते.

२. मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी

अनुवाद २४:१४-१५ मध्ये मजूर स्वजातीचा असो की उपरी असो, त्याची मजुरी त्याच दिवशी द्यावी असे आहे. कारणही दिले आहे : तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशाकडे लागलेला आहे. मजुरी अडविली तर तो देवाकडे गाऱ्हाणे करील आणि देणाऱ्याला पाप लागेल. प्रेषित याकोबही पाचव्या अध्यायात हाच विषय काढतो.

म्हणजे त्या बाईचा प्रश्न "संसारी" नव्हता, शास्त्रातलाच होता. सरकारी हुकूमही तिच्या बाजूचा होता. २९ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने आदेश काढला होता की, टाळेबंदीच्या काळातील मजुरी न कापता द्यावी आणि घरमालकांनी मजुरांकडे एक महिना भाडे मागू नये. हा आदेश मे महिन्यात मागे घेण्यात आला; पण ज्या दिवशी ती मला विचारीत होती त्या दिवशी तो लागू होता. शिवाय तिची मजुरी टाळेबंदीपूर्वी केलेल्या कामाची होती. मला यातले काही ठाऊक नव्हते.

रेशनचेही तेच. त्यांची कार्डे महाराष्ट्राची, येथे त्यांचा काय उपयोग, असे आम्ही गृहीत धरले. वास्तविक ऑगस्ट २०१९ पासूनच महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांत एकमेकांच्या कार्डावर धान्य मिळण्याची सोय सुरू झाली होती. दुकानात जाऊन विचारण्याचे कष्टही आम्ही घेतले नाहीत. आपल्या अज्ञानाची किंमत कित्येकदा दुसरा भरतो.

३. बवाजाने काय केले?

रूथ मवाबी होती, विधवा होती, सासूबरोबर दुष्काळानंतर बेथलेहेमात आलेली होती. बवाजाने तिला धान्य वेचू दिले एवढेच आपण सांगतो. पण अध्याय पुन्हा वाचा. त्याने गड्यांना ताकीद दिली की तिला कोणी त्रास देऊ नये. पाण्याच्या भांड्यातून पिण्याची तिला मोकळीक दिली. जेवणाच्या वेळी तिला कापणाऱ्यांच्या पंक्तीस बसविले. मुद्दाम काही कणसे टाकून ठेवण्यास सांगितले. संध्याकाळी तिने झोडून एफाभर सातू घरी नेले.

अन्न, पाणी, सुरक्षितता आणि मान या चारही गोष्टी त्यात आल्या. ८ मे २०२० रोजी पहाटे त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर ठार झाले. ते मध्य प्रदेशचे होते. जालन्याहून भुसावळकडे गाडी मिळेल या आशेने पायी निघाले होते आणि थकून रुळांवर झोपले होते. त्यांच्या पोळ्या रुळांत विखुरलेल्या होत्या. भाकरी त्यांच्याजवळ होती. घरी सुखरूप जाण्याची सोय नव्हती. त्याच महिन्याच्या २८ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिला की, घरी परतणाऱ्या मजुरांकडून रेल्वेचे वा बसचे भाडे घेऊ नये.

४. वाटप आणि न्याय दोन्ही

यरुशलेमेतील पहिल्या मंडळीतही रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होऊ लागली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना दटावले नाही. त्यांनी सात जण नेमले. त्या सातांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलीच माणसे कामावर आली. आपल्या वाटपाच्या यादीत कोणाची नावे असतात आणि यादी कोण करतो, हे आपणही पाहावे.

आपल्या मराठी मंडळ्यांपुढे पंडिता रमाबाईंचे उदाहरण आहेच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना म्हणून केडगावी नेले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतील मुलीही तेथे पोहोचल्या. त्याच रमाबाईंनी प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची जी आबाळ होत होती तिच्याविरुद्ध १८९७ साली वर्तमानपत्रात उघडपणे लिहिले. एका हाताने त्यांनी वाढले आणि दुसऱ्या हाताने लेखणी धरली.

५. आज आपण काय करावे?

पहिले, माहिती करून घ्यावी. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील कार्डावर आता कोणत्याही राज्यात धान्य मिळते. बांधकाम मजुराने वर्षात ९० दिवस काम केले असेल तर कल्याण मंडळाकडे नोंद करता येते. असंघटित कामगारांसाठी ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम नोंदणी आहे. दुसऱ्या राज्यातून आलेल्या मजुरांसाठीचा १९७९ चा कायदा आता नव्या कामगार संहितेत सामावला आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून, ठेकेदाराने आणलेला नसून आपणहून आलेला मजूरही तिच्या व्याख्येत बसतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना वकिलाची मदत मोफत मिळते. त्यासाठी १५१०० हा फोन आहे.

दुसरे, सोबत जावे. अर्ज लिहून देणे, कचेरीत रांगेत उभे राहणे, हीसुद्धा सेवा आहे. आणि हे करताना कोणाचाही धर्म विचारू नये. सरवा वेचणाऱ्याला बवाजाने तो विचारला नाही.

टाळेबंदी सैल झाल्यावर आम्ही दोघे जण पुन्हा त्या इमारतीत गेलो. वहीच्या कागदावर नावे, दिवस व दर लिहिले, ठेकेदाराला भेटलो, मग कामगार कचेरीत अर्ज दिला. पाच कुटुंबांना काही रक्कम मिळाली, पूर्ण नाही. तीन कुटुंबे त्याआधीच पायी निघून गेली होती. ती बाई त्यांतच होती. तिच्या सतरा दिवसांचा हिशेब अजून माझ्या वहीत आहे. तो देवाच्या वहीतही आहे, हे मी जाणतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीच्या परिसरात बाहेरगावची किती कुटुंबे राहतात? त्यांपैकी किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत?
२. दान व हक्क यांत शास्त्र कोणता फरक करते? लेवीय १९ च्या आधारे सांगा.
३. आपल्या घरी वा दुकानात काम करणाऱ्यांची मजुरी आपण वेळेवर देतो काय?
४. पुन्हा साथ आली तर पहिल्या आठवड्यात आपली मंडळी कोणत्या तीन गोष्टी करील? त्या आजच लिहून ठेवा.

प्रार्थनेचे विषय : घर सोडून कामासाठी फिरणारी कुटुंबे, मजुरी देणारे व अडविणारे, आणि प्रश्न ऐकूनही उत्तर न शोधणारे आपण सर्व.