खनिजसंग्रह आणि स्थळनोंद

खडकांचा व खनिजांचा अभ्यास पुस्तकातून सुरू होत असला, तरी तो पुरा होतो प्रत्यक्ष दगडापाशी. बंगळूर शहरातील लालबागेत असा एक दगड सर्वांना पाहावयास मिळतो. बागेतील ज्या विस्तीर्ण टेकाडावर केंपेगौडाचा बुरूज उभा आहे, ते टेकाड म्हणजे पट्टिताश्माचा, म्हणजेच नाइस या खडकाचा, एक उघडा भाग होय. त्याचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे आहे. म्हैसूर संस्थानच्या भूविज्ञान खात्यातील डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी १९१६ साली दक्षिण भारतातील अशा खडकांना ‘पेनिन्सुलर नाइस’ हे नाव दिले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने या टेकाडास राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक मानले आहे. त्यामुळे त्याचा कपचाही काढावयाचा नसतो. तो खडक जागेवरच वाचावयाचा असतो.

खडक व खनिज

लालबागेचा खडक जवळून पाहिला असता त्यात फिकट व गडद पट्टे दिसतात. फिकट पट्ट्यांत मुख्यतः क्वॉर्ट्झ व फेल्स्पार असते, गडद पट्ट्यांत काळे अभ्रक. यावरून खडक व खनिज यांतील भेद स्पष्ट होतो. खनिजाला ठराविक रासायनिक घटना व अणूंची ठराविक रचना असते. खडक हा बहुधा अनेक खनिजांचा समुदाय असतो.

या खडकात खनिजांचे कण एकमेकांस चिकटून वाढले. सुडौल स्फटिक तयार होण्यास मोकळी जागा लागते, ती येथे नव्हती. ती पाहावयाची असेल, तर उत्तरेस महाराष्ट्राकडे वळले पाहिजे. तेथे सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले व त्यांपासून काळा बेसाल्ट तयार झाला. रस थिजत असता त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून उष्ण पाणी झिरपले, त्याने खडकातील द्रव्ये विरघळवून आणली व पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिकरूपाने बसविली. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, मेसोलाइट ही झिओलाइट गटातील खनिजे अशीच निर्माण झाली. तापविले असता पाणी सोडून फुगणाऱ्या या खनिजांना स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी १७५६ साली ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे हे ग्रीक नाव दिले.

वाघोलीचा निळा स्फटिक

या प्रदेशातील सर्वांत प्रसिद्ध नमुना पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींतील कॅव्हन्साइटचा होय. पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले त्याचे गर्द निळे गुच्छ जगातील अनेक संग्रहालयांत आढळतात. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकेट या शब्दांची आद्याक्षरे जोडून त्याचे नाव बनविले आहे. १९७३ साली त्याचे प्रथम वर्णन झाले ते अमेरिकेतील ओरेगॉनच्या नमुन्यांवरून. परंतु ते नमुने लहान होते. या खनिजाची कीर्ती झाली ती वाघोलीमुळेच. पेन्टागोनाइट हे दुसरे निळे खनिजही दोन्ही ठिकाणी मिळते. दोहोंची रासायनिक घटना एकच, अणूंची मांडणी मात्र निराळी. लहान तुकड्यात केवळ डोळ्यांनी त्यांचा निवाडा करणे कठीण असते.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. स्थळ ठाऊक असेल तर तेथे कोणते खनिज संभवते हे कळते. पण ते कोणते, हे परीक्षेनेच ठरते.

माहितीची साधने

पूर्वी अशी माहिती मोठ्या ग्रंथालयांतच मिळे. आता ती संगणकावर घरबसल्या पाहता येते. तिचा क्रम मात्र समजून घ्यावा.

प्रथम नकाशा पाहावा. १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने आपले नकाशे ‘भूकोश’ या संकेतस्थळावर ठेवले आहेत. आपल्या गावाखाली पट्टिताश्म आहे की बेसाल्ट, हे त्यावरून समजते.

दुसरे साधन ‘मिंडॅट’ हा खनिजांचा व स्थळांचा कोश. जॉलियन राल्फ यांनी १९९३ साली तो स्वतःपुरता आरंभिला व २००० साली सर्वांस खुला केला. त्यात खनिजावरून स्थळे व स्थळावरून खनिजे शोधता येतात. जगभरच्या अभ्यासकांनी व हौशी संग्राहकांनी तो भरला आहे. यास्तव एखादी नोंद प्रयोगशाळेतील परीक्षेवर आधारलेली आहे की केवळ पाहण्यावर, हे तपासावे.

तिसरे साधन अ‍ॅरिझोना विद्यापीठाचा ‘रफ’ हा संग्रह. त्यात खनिजांचे रामन वर्णपट व क्ष-किरण परीक्षेची फले मिळतात. प्रयोगशाळेत आलेला निष्कर्ष त्यांच्याशी ताडून पाहता येतो.

नावांचा निर्णय आंतरराष्ट्रीय खनिजविज्ञान संघटना करते. तिच्या सूचीत सुमारे ६,००० खनिजे आहेत. जुनी नावे तेथे पारखावीत. पुण्याच्या नावावरून एका खनिजास एकेकाळी ‘पूनाहलाइट’ म्हणत. ते पुढे मेसोलाइटच ठरले.

छायाचित्रावर मात्र विसंबू नये. रंग ही खनिजाची सर्वांत फसवी खूण आहे. पांढरे कॅल्साइट व पांढरे क्वॉर्ट्झ चित्रात सारखेच दिसतील. पण पोलादी चाकूने कॅल्साइटवर ओरखडा उठतो, क्वॉर्ट्झवर उठत नाही, उलट क्वॉर्ट्झच काचेवर ओरखडा काढते. कठिनता, कस, पाटन व चमक यांची परीक्षा हातानेच करावी लागते.

चिठ्ठीचे महत्त्व

जुन्या संग्रहांतील कित्येक नमुन्यांवर ‘पुणे’ एवढेच लिहिलेले असते. ते पुण्याजवळच्या कोणत्या खाणीतून आले, हे आता कोणी सांगू शकत नाही. खाणी खोदून संपतात, पाण्याने भरतात, त्यांवर वस्ती उठते. मग तेथे काय होते याचा पुरावा नमुना व त्याची चिठ्ठी एवढाच उरतो. चिठ्ठी हरवली की नमुना सुंदर राहतो, पण मुका होतो.

म्हणून प्रत्येक नमुन्यास क्रमांक द्यावा, तो नमुन्याच्या खालच्या बाजूस लहानसा लिहावा व नोंदवहीत त्या क्रमांकापुढे पुढील गोष्टी उतराव्यात: खनिजाचे नाव, संशय असल्यास प्रश्नचिन्हासह; खाण, गाव, तालुका व जिल्हा; शक्य तर अक्षांश-रेखांश; सोबतचा खडक व इतर खनिजे; दिनांक; आणि नमुना स्वतः वेचला की विकत घेतला. विक्रेत्याने सांगितलेले स्थळ ‘विक्रेत्याच्या सांगण्यावरून’ असेच लिहावे. खाणीत मालकाच्या परवानगीवाचून जाऊ नये व सुटलेल्या दरडीखाली उभे राहू नये.

अभ्यास

१. आपल्या गावाखालील खडक नकाशावरून शोधा व तो प्रत्यक्ष जाऊन पाहा.
२. शाळेच्या संग्रहातील दहा नमुन्यांच्या चिठ्ठ्या तपासा. कोणत्या नमुन्याचे नेमके स्थळ कळते?
३. ज्याचे स्थळ कळत नाही, त्याविषयी ठाऊक असलेल्या शिक्षकांस वा वडीलधाऱ्यांस विचारून आजच नोंद करून ठेवा.