पांढऱ्या पाटीची भाडोत्री गाडी

हिंजवडीतल्या एका कंपनीत काम करणाऱ्या अभियंत्याची गाडी आठवड्यातले पाच दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी असायची. काम घरून, पण कर्जाचा हप्ता मात्र न चुकता खात्यातून जायचा. गाडी स्वतः चालवायला भाड्याने देणाऱ्या एका अ‍ॅपवर तिची नोंद केली की ती आपला हप्ता आपणच फेडेल, असा त्यांचा हिशेब होता. सुरुवातीला तो बरोबरही आला. खात्यात पैसे जमा व्हायला लागल्यावर त्यांनी आपल्या मेहुण्यालाही गळ घातली.

मग बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. मॅटखाली वाळू, सिगारेटचा वास, घासलेला बंपर. बंपरचं नुकसान निदान डोळ्यांना दिसतं. घाटात अर्ध्या क्लचवर गाडी रेटणारा ग्राहक कुठल्याच फोटोत सापडत नाही. क्लच प्लेट गेली तेव्हा अ‍ॅपच्या लोकांनी ती ‘वापरातली झीज’ म्हणून सोडून दिली आणि बिल मालकाकडे आलं. चार टायर बदलायचे तर पंधरा-वीस हजार रुपये लागतात. तो खर्च धरला की महिन्याची कमाई चांगलीच आक्रसते. फास्टॅगमधून टोल मालकाचाच कापला जातो आणि वेगमर्यादा ओलांडल्याचं ई-चलनही त्यांच्याच मोबाइलवर येतं. त्या वेळी गाडी कोण चालवत होतं, हे पोलिसांनी विचारल्यावर सांगण्याची जबाबदारी मोटार वाहन कायद्याच्या कलम 133 नुसार मालकावर आहे.

ही सगळी किरकोळ डोकेदुखी झाली. खरा दणका बसला तो सिंधुदुर्गात. एक गट गोव्याहून परतताना डिकीत दारूचे खोके भरून आला. गोव्यात स्वस्त मिळणारी दारू विनापरवाना महाराष्ट्रात आणणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे आणि ती वाहून आणणारं वाहनही जप्त होतं. सावंतवाडीजवळच्या इन्सुली तपासणी नाक्यावर हे रोजचंच आहे. मुलं जामिनावर सुटून घरी गेली. गाडी राहिली. वकील शोधणं, अर्ज, जामीनदार, बंधपत्र आणि पुण्याहून कोकणातल्या फेऱ्या हे सगळं ज्यांनी त्या दारूला हातही लावला नव्हता त्यांच्या वाट्याला आलं. जप्त वाहनं पोलीस ठाण्याच्या आवारात सडत ठेवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सुंदरभाई देसाई खटल्यात बजावलं आहे. पण त्याचा लाभ घ्यायलाही अर्ज करावाच लागतो. दारूऐवजी गांजा सापडला असता तर प्रकरण आणखी जड गेलं असतं. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 60 प्रमाणे गाडी कायमची सरकारजमा होऊ शकते. ते टाळायचं तर आपल्याला माहिती नव्हती आणि आपण शक्य ती सगळी खबरदारी घेतली होती, हे मालकालाच सिद्ध करावं लागतं.

कोर्टात कागद मांडताना आणखी एक गोष्ट पुढे आली. खासगी गाडीची पाटी पांढरी आणि त्यावर काळी अक्षरं, टॅक्सीची पिवळी पाटी. ग्राहकाने स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं लागतात. गोव्यात फिरलेल्यांनी अशा गाड्या पाहिल्या असतील. त्यांच्यासाठी 1989 ची ‘रेंट अ कॅब’ योजना आहे आणि तिचा परवाना मिळवायला किमान 50 गाड्या असाव्या लागतात. म्हणजे एका गाडीच्या मालकाला तो स्वतःच्या नावावर मिळणं शक्यच नाही. परवान्याशिवाय गाडी भाड्याने चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 192-अ नुसार पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अ‍ॅपच्या जाहिरातीत यातलं अवाक्षरही नसतं.

विम्याकडे तर बहुतेकांचं लक्षच जात नाही. खासगी गाडीची पॉलिसी भाड्याच्या वापराला चालत नाही, असं त्या कागदावर स्पष्ट छापलेलं असतं. अपघातात तिसऱ्या माणसाचा जीव गेला तर मोटार अपघात दावा प्राधिकरण विमा कंपनीला भरपाई द्यायला लावू शकतं. पण अटीचा भंग झाला म्हणून कंपनीने ती रक्कम मालकाकडून वसूल करावी, असाही आदेश देऊ शकतं. वकिलांच्या तोंडी याला ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात. कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई कित्येक लाखांत जाते. महिना काही हजारांच्या भाड्यासाठी हा धोका पत्करण्यात शहाणपण नाही. अ‍ॅप स्वतःचं ‘संरक्षण’ देतं हे खरं, पण ते बहुधा मालक आणि अ‍ॅप यांच्यातला करार असतो. त्यात किती रकमेपर्यंत, कोणत्या अटीवर आणि तिसऱ्या व्यक्तीचं काय, हे तीन मुद्दे तपासल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

अमेरिकेत हा धंदा 2010 च्या सुमारास सुरू झाला आणि तिथेही हाच प्रश्न आधी उभा राहिला. बोस्टन भागातल्या एका महिलेची भाड्याने दिलेली गाडी घेऊन जाणारा माणूस अपघातात ठार झाला, समोरच्या गाडीतले लोक गंभीर जखमी झाले. भाडे कंपनीच्या विम्याची मर्यादा दहा लाख डॉलर होती. ती पुरली नाही तर पुढचं कोण भरणार, ही चर्चा 2012 साली तिथे गाजली. ओळख पडताळणीलाही मर्यादा असतात, हे 1 जानेवारी 2025 ला दिसलं. न्यू ऑर्लिन्समध्ये ज्या ट्रकखाली चिरडून 14 जणांचा बळी गेला तो ट्रक आणि त्याच दिवशी लास वेगासमध्ये स्फोट झालेली गाडी, दोन्ही ‘टुरो’ या मंचावरून भाड्याने घेतलेल्या होत्या.

आपल्याकडे दुसराच प्रकार जास्त चालतो. ‘गाडी कंपनीत लावून देतो, महिन्याला ठरलेली रक्कम घ्या’ असं सांगून घेतलेली गाडी परस्पर गहाण पडते किंवा परराज्यात विकली जाते. मालक विम्याचा दावा करतो तेव्हा उत्तर येतं, की चावी तुम्हीच दिली होती, मग ही चोरी नव्हे, विश्वासघात. गुन्ह्याचं कलम बदलतं आणि दावा अडकतो.

हिंजवडीच्या या अभियंत्यांकडे आता ऑफिसातले लोक सल्ला विचारायला येतात. त्यांचं पहिलं उत्तर ‘देऊ नका’ असंच असतं. तरीही कोणी हट्टाला पेटलाच तर ते त्याला आधी विमा कंपनीला ई-मेल पाठवायला लावतात: ‘ही गाडी भाड्याने दिल्यास माझी पॉलिसी लागू राहील का?’ उत्तर लेखीच हवं. कर्ज असेल तर बँकेलाही हेच विचारायचं. रीतसर मार्ग हवा असेल तर परवानाधारक व्यावसायिकाशी बोलून गाडी काळ्या पाटीवर नेता येते का, हे आरटीओत विचारावं. कर आणि विमा वाढतो, पण झोप लागते.

ग्राहकाच्या लायसन्सच्या फोटोवर भागवू नये, परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर त्याचा क्रमांक तपासावा. गाडी देताना आणि घेताना ओडोमीटर, चारही बाजू, डिकी आणि स्टेपनी दिसेल असा व्हिडिओ काढावा. ओबीडी पोर्टमध्ये खोचलेला जीपीएस उपटून फेकायला मिनिटही लागत नाही. म्हणून दुसरा आत कुठेतरी दडवून ठेवावा. चाक अल्पवयीन मुलाच्या हाती जाणार नाही, अशी अट लेखी घ्यावी, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम 199-अ मध्ये मालकालाही तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द अशी तरतूद आहे.

दुसरी चावी आणि मूळ कागद गाडीबरोबर कधीही देऊ नयेत. गाडी ठरल्या वेळी परतली नाही आणि फोन बंद लागला, तर अ‍ॅपच्या हेल्पलाइनवर तिकीट काढून वाट पाहत बसू नये. त्याच रात्री जीपीएसच्या नोंदी, करार आणि लायसन्सची प्रत घेऊन पोलीस ठाणं गाठावं, तक्रारीची पोच घ्यावी आणि सकाळी विमा कंपनीला कळवावं. ती दोन्ही चाव्या मागते. एक हरवली आहे असं सांगितलं की सर्व्हेअरची वही उघडते.