अंगणावरचं आभाळ कुणाचं?

प्रश्न : शेजारच्या हळदीला ड्रोन आणला होता. तो आमच्या अंगणावरून इतका खालून फिरला की कोंबड्या सैरावैरा पळाल्या, ओटीवरच्या बायका उठून आत गेल्या. जमीन आमची, मग वरचं आभाळ कुणाचं?
– एक वाचक, निडी, जि. रायगड

उत्तर : हाच प्रश्न अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात कोंबड्यांमुळेच कोर्टात गेला होता. कॉस्बी कुटुंबाच्या आवारावरून लष्करी विमानं अवघ्या ८३ फुटांवरून जात. घाबरून भिंतींवर आपटून सुमारे दीडशे कोंबड्या मेल्या. १९४६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : जमिनीची मालकी थेट आभाळापर्यंत पोहोचत नाही, पण जमीन सुखाने वापरता यावी एवढी लगतची हवा मालकाचीच. आपल्याकडेही १९३४ च्या विमान कायद्याने जमीनमालकाचा दावा नाकारला, तो विमान ‘वाजवी’ उंचीवरून गेलं तरच.

२०२१ च्या ड्रोन नियमांनी आभाळाचे हिरवे, पिवळे आणि लाल पट्टे पाडले. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडता येतं. मात्र घरावरून जाताना निदान किती उंच राहावं, हे त्यात आखून दिलेलं नाही. तुमची अडचण नेमकी तिथली आहे.

तरी तुम्ही निराधार नाही. अडीचशे ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर चालकाकडे प्रमाणपत्र आणि ड्रोनचा विमा लागतो, ते दोन्ही विचारा. बाईचं खासगी क्षणी चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. तसं झालं असेल तर दिवस-वेळ लिहून पोलीस ठाण्यात तक्रार द्या. दगड मात्र मारू नका. फिरत्या पात्यांचं यंत्र खाली कुणाच्या डोक्यावर पडेल, सांगता येत नाही.

ड्रोनवर सरसकट राग नको. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननेच गावठाणं मोजली जातात आणि घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते. त्या मोजणीआधी गावाला कळवतात, आपापल्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारून घेतात आणि मगच ड्रोन उडतो. लोकांना ठाऊक असतं तो कशाला आलाय, म्हणून कुणी आत पळत नाही.

आभाळात चुन्याची रेघ मारता येत नाही. म्हणूनच ड्रोनवाल्याने आणि त्याला बोलावणाऱ्या यजमानाने आधी शेजारी जाऊन विचारायला हवं. उंचावरचं आभाळ सगळ्यांचं आहे, पण अंगणालगतचं अंगणाचंच. पुढच्या लग्नसराईआधी हा विषय ग्रामसभेत मांडा.